ताणलेल्या तारा

अवजड यंत्रांना भूकंपात उभं कसं ठेवायचं, या एकाच विचारात अण्णांचा जन्म गेला. जमीन हलली की ट्रान्सफॉर्मर कुठल्या अंगाला झुकेल, पायातला बोल्ट किती ओढ सोसेल, हे ते कागदावर असं मांडत, जणू त्या लोखंडी धुडाशी त्यांची जुनी सोयरीकच होती. बायको जाऊन एकवीस दिवस झाले होते. अण्णा कामावर येत, जेवत, विचारलं तर उत्तर देत. आत मात्र काही हलत नव्हतं.

त्या सकाळी ते कारखान्यातला नवा ट्रान्सफॉर्मर तपासायला गेले. दुपारी वीज सोडायची होती. अडलं होतं ते फक्त अण्णांच्या सहीपाशी.

फोरमननं छाती फुगवून वर बोट दाखवलं. "बघा अण्णा, सहाच्या सहा तारा कशा ताणून बसवल्यात! नकाशात तुम्ही झोळ दाखवलेला, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा. गड्यांना म्हटलं, आपलं काम असं गबाळं दिसायला नको."

अण्णा वर बघत राहिले. भूकंपात ट्रान्सफॉर्मर एकीकडे डोलणार, समोरचा खांब दुसरीकडे. तारेला सैल जागा नसली, की तिच्या टोकाचा चिनी मातीचा नळा बुडातून मोडणार. मग आतलं तेल बाहेर, मग आग. सगळं ठाऊक होतं आणि कशाचंच काही वाटत नव्हतं. सही ठोकावी आणि घरी जावं, इतकं सोपं होतं. पेनाचं टोपण निघालंसुद्धा होतं.

"या तारा काढा," ते म्हणाले. "यांच्याहून हातभर लांब नव्या कापा."

"अहो, अख्खा दिवस जाईल! साहेब मला सोलून काढतील. आणि कुठं येतोय भूकंप?"

"येऊ नये."

"वहिनी गेल्यापासून तुमचं चित्त ठिकाणावर नाही," फोरमन बोलून गेला आणि ओशाळला.

"नाहीच," अण्णा म्हणाले. "म्हणून मनाला विचारतच नाही. नकाशात आहे तेवढं बघतो."

फोरमन पुटपुटत शिडीकडे वळला. अण्णा एका लाकडी खोक्यावर बसून राहिले. एकेक तार उतरली, एकेक नवी चढली. उन्हं कलली तेव्हा सहावी तार सैल लोंबली. अण्णांनी शिडी चढून प्रत्येक झोळ टेपनं मोजला, खाली उतरून सही केली. आता बरं वाटेल म्हणून क्षणभर थांबले. वाटलं नाही.

फोरमननं चहाचा कप पुढे केला. "साखर बेताची आहे ना?"

अण्णांनी घोट घेतला.

"असेल," म्हणाले.