डोंग्याचं पेट्रोल

आमच्या पुनर्वसनाच्या गावात पेट्रोल पंप नाही. धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणारे आम्ही सगळे डोंग्याच्या इंजिनासाठी बाहेरून कॅन भरून आणतो आणि पुरवून वापरायचं म्हणून त्यात रॉकेल मिसळतो. डोंग्याचं इंजिन जुनं, भोळं. काहीही पाजा, धूर सोडत चालतं.

माझी कार तशी नव्हती. पण बाबांच्या लेखी इंजिन म्हणजे इंजिन. घरची गाडी कोरड्या टाकीनं उभी राहू नये म्हणून त्या सकाळी त्यांनी डोंग्याचा तसला एक कॅन तिच्यात रिकामा केला. मला पत्ताच नव्हता. दुपारी जाळं विणता विणता त्यांनी छाती धरली. आईनं मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी भंडाऱ्याच्या दवाखान्याकडे गाडी काढली.

नहराच्या पुलाची चढण लागली आणि इंजिन खडखडू लागलं, डब्यात गोटे घालून हलवावेत तसं. रॉकेलचा वास आला आणि टाकीत डोंग्याचं पेट्रोल गेलंय हे मला कळलं. रॉकेलनं पेट्रोलचा ऑक्टेन पडतो. मग ते दाब सोसत नाही, वेळेआधीच भडकतं आणि वर येणाऱ्या पिस्टनलाच दणका बसतो. हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असून काय करू? पाय दाबला की खडखड वाढे आणि गाडी दम टाकी. पाय उचलला की आवाज थांबे, पण मग ती सायकलच्या चालीनं जाई. एसी बंद केला. खिडकीतून हात हलवून हलवून मागच्या गाड्यांना विनवलं. एक मेला थांबला नाही.

"काहून आवाज करून राहिली रे गाडी?" बाबांनी विचारलं.

"रस्ता खराब हाय, बाबा."

"पेट्रोलची चिंता नोको करू. सकाळीच टाकलो मी."

"बरं केलं तुमी," मी म्हणालो. पाय पुन्हा दाबला.

भंडारा दिसू लागलं तेव्हा आईनं जन्मात पहिल्यांदा त्यांना नावानं हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "त्याईनंच पेट्रोल टाकून ठेवलं होतं. नाई तं तेवढी बी गेली नसती गाडी."

ती अजूनही सांगते. मी शेजारी बसून मान डोलावतो.