काळ्याखालचा निळा

मिलिंद सरांनी टेबलावर ठेवलेली दोन छापील पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती ओढून सोडवली. एका पानावरच्या रात्रीचा काळा रंग समोरच्या पानावरच्या हिरोच्या तोंडावर उतरला होता. हिरोला दाढी आल्यासारखी दिसत होती. कोणी हसलं नाही.

"अशी सहा पानं आहेत," सर म्हणाले. "छपाईची अख्खी ट्रायल फुकट गेली. क्लायंट बोलतोय, सीरिज दुसऱ्या स्टुडिओला देतो. फायनल चेक कोणी केलं होतं?"

"मी," ब्रिजेट म्हणाली.

ही दोन हजार सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत आमचा स्टुडिओ होता. परदेशातल्या सुपरहिरोंच्या कॉमिक्स आमच्याकडे रंगवायला यायच्या. शाईने काढलेली चित्रं स्कॅन होऊन यायची, आम्ही ती कॉम्प्युटरवर रंगवून सीडीवर परत पाठवायचो. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. आता पंचाहत्तरीला टेकलोय. त्या सहा पानांचं खरं काय झालं ते मी कुठे सांगितलेलं नाही. उलट खोटं सांगितलं, आणि बऱ्याच जणांना.

मी मूळचा बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, कॅलेंडरं, पुस्तकांची मुखपृष्ठं. पुढे सगळंच मशीनवर छापून मिळायला लागलं आणि ब्रशचं काम आटलं. मिलिंद सरांना रंगाची नजर असलेला माणूस हवा होता. त्यांनी मला घेतलं आणि ब्रिजेटच्या शेजारी बसवलं.

ब्रिजेट वसईजवळच्या वटार गावची. तिशीची, दोन मुलांची आई. वडिलांची केळीची वाडी होती. स्टुडिओतली सगळ्यात पक्की कलरिस्ट तीच. पान बाहेर जाण्याआधीची शेवटची तपासणी तिच्याकडे असे. तपासून झालं की ती जॉबशीटवर सही करायची.

पहिल्याच दिवशी हिरोच्या गालावरचा रंग जास्त झाला म्हणून मी सवयीने बोट ओलं करून पुसायला गेलो. बोट मॉनिटरच्या काचेवर. ब्रिजेट म्हणाली, "काका, थुंकी लावून अनडू होत नाही." पुढे महिनाभर स्टुडिओत माझं नाव 'अनडू काका' होतं.

तिने मला शून्यापासून शिकवलं. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा. सगळ्यात वरच्या काचेवर मूळ शाईच्या रेषा, त्यांना हात लावायचा नाही. खालच्या काचेवर फ्लॅट, म्हणजे प्रत्येक भागात एकच सपाट रंग भरायचा. केप जांभळा, कातडी गव्हाळ, आकाश निळं. मधल्या काचेवर सावली आणि उजेड. ब्रशची सवय असल्यामुळे टॅब्लेटवरचं पेन मला महिन्याभरात जमलं. स्नायू मात्र जमेनात. मी प्रत्येक स्नायूला वेगळी गोल चमक द्यायचो.

"काका, हे पोट आहे की लादीपाव?" ब्रिजेट विचारायची. "उजेड एका बाजूने आणा. मागून एक बारीक कड द्या. बाकीचं अंधारात जाऊ दे."

ही मागून येणारी उजेडाची कड म्हणजे रिम लाईट. ती जमली आणि माझे हिरो पानातून बाहेर यायला लागले. सर सगळ्यांना बोलावून माझी पानं दाखवायचे. ब्रिजेटला माझ्याहून जास्त आनंद व्हायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. छपाईत चार शाया असतात: निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. प्रत्येक शाई शून्य ते शंभर टक्के. एका जागी चारही शायांची बेरीज म्हणजे इंक टोटल. ती तीनशेच्या वर जाता कामा नये. ब्रिजेटने तशी चिठ्ठीच तिच्या मॉनिटरला चिकटवली होती. का, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "भाकरीवर किती कालवण ओताल? ती पिते तेवढंच. उरलेलं ताटात पसरणार."

मला ते कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय. मला माहीत नव्हतं असं नाही.

पण माझे उस्ताद सांगायचे, "नुसता काळा मेलेला असतो. खाली निळा घे, तांबडा घे, वरून काळा मार. मग रात्र खोल जाते." तीस वर्षं मी तसाच काळा लावला होता, आणि तो पत्र्यावर उत्तम वाळायचा.

ती सहा पानं ज्या अंकातली, त्याची सगळी बावीस पानं ब्रिजेटने तपासली आणि सही केली. त्या दिवशी तिच्या चुलत भावाच्या लग्नातलं उंबराचं पाणी आणायचं होतं. नवरदेवाच्या आंघोळीचं हे पाणी आणायला विहिरीवर वाजतगाजत जायचं, म्हणून ती चार वाजता निघाली. "काका, सीडी तेवढी राईट करून ठेवा. आता कशाला हात लावू नका," जाताना म्हणाली.

मी एकदा शेवटचं म्हणून पानं बघितली. शेवटची सहा पानं रात्रीची होती. मला काळा राखाडी वाटला. मी तो निवडला आणि चारही शाया शंभर-शंभर केल्या. टोटल चारशे. पडद्यावर रात्र काय खोल गेली! सेव्ह केलं, दोन सीडी राईट केल्या. एक कुरियरला, एक कपाटात बॅकअप म्हणून. ब्रिजेटला सांगितलं नाही. पान छापून आलं की दाखवू, म्हटलं.

पुढे क्लायंटची ई-मेल आली. छपाईत काळा वाळत नाहीये, नमुने पाठवतोय, ती सहा पानं दुरुस्त करून द्या. सरांनी दुरुस्ती मलाच सांगितली. माझ्या लगेच लक्षात आलं. मी काळा कमी केला आणि जुन्याच नावाने सेव्ह केलं. मग कपाटातली बॅकअपची सीडी काढून पिशवीत टाकली. त्या दिवशी मी डबा न खाताच घरी नेला.

आठवड्याने नमुन्याची पानं आली.

"सही तुझी आहे," सर ब्रिजेटला म्हणाले.

"आहे ना. मी सही केली तेव्हा एकही जागा तीनशेच्या वर नव्हती. सर, फाईल सेव्ह झाल्याची वेळ बघा. मी चारला निघाले होते."

सरांनी बघितली. "ही तर काकांच्या करेक्शनची वेळ दाखवतेय."

"मग बॅकअपची सीडी काढा."

कपाट शोधलं. सीडी नव्हती.

"क्लायंटकडे विचारा, त्यांच्या सीडीवर वेळ असेल."

"त्यांच्याकडे पुरावा मागू? इथे सीरिज चाललीये हातातून!"

ब्रिजेटने माझ्याकडे बघितलं. सरांनी ते पाहिलं. "काकांकडे काय बघतेस? त्यांना अजून लेयर मर्ज करायला कोणाला तरी विचारावं लागतं. चारशेचा काळा करणं त्यांच्या डोक्याबाहेरचं काम आहे."

दोघंतिघं हसले. मीही हसलो.

त्याच आठवड्यात ब्रिजेटला काढलं. कोणावर तरी कारवाई झाली हे क्लायंटला दाखवायचं होतं. सीरिज राहिली. जाताना तिने मॉनिटरवरची चिठ्ठी काढून माझ्या मॉनिटरला लावली. वर्षभराने तपासणीचं काम माझ्याकडे आलं. पुढे मी नवीन मुलांना शिकवायला लागलो. इंक टोटलचा धडा आला की मी म्हणायचो, "आमच्याकडे एक मुलगी होती. न बघता सही केली. पानं चिकटली, नोकरी गेली." मुलं घाबरून नीट शिकायची. निवृत्त होईपर्यंत, प्रत्येक बॅचला, मी हेच सांगितलं.

गेल्या थंडीत ती सीडी घेऊन वटारला गेलो. ब्रिजेट आता मुलांना चित्रकला शिकवते. केस पांढरे झालेत. आतल्या कोणाला तरी तिने घरच्या बोलीत चहा ठेवायला सांगितला आणि माझ्यासमोर बसली. मी सगळं सांगितलं.

"मला त्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली. "तसा काळा तुमच्याशिवाय कोण करणार?"

"मग नाव का नाही घेतलंस?"

"मी फाईलची वेळ बघा म्हटलं, सीडी काढा म्हटलं. आणखी काय बोलायचं होतं? बोलायची पाळी तुमची होती, काका."

मी सीडी पुढे केली. तिने उलटसुलट करून बघितली. "ही लावू कुठे? घरात सीडी घेणारं मशीन कुठलं आता?" मग परत माझ्या हातात दिली. "माफीबिफी राहू दे. घरी दोन वर्षं मी कामात चुकले असंच सगळे धरून होते. बाबा तेच धरून गेले. ते आता बदलत नाही. पण ज्या मुलांना तुम्ही 'ती मुलगी' शिकवलीत ना, त्यांना सांगा."

त्यातले काही आज मोठ्या जागांवर आहेत. हे त्यांच्या वाचनात यावं म्हणून लिहिलं. पोरांनो, त्या गोष्टीत मुलगी नव्हती. बावन्न वर्षांचा एक माणूस होता. त्याला नियम माहीत होता, त्याने तो मोडला, आणि जिने त्याला शिकवलं तिच्या सहीमागे तो लपला.

कामाचा धडा तोच आहे. तपासून झालेल्या पानाला हात लावला तर आधीची सही खोडायची आणि आपली करायची. एवढंच मी कोणाला शिकवलं नव्हतं.