धुराड्यावरचा रुमाल

मोरेश्वर मागच्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, साकीनाक्याच्या आपल्या गाळ्यात कोसळला. हृदयविकाराचा झटका होता. शेजारच्या लेथवाल्याने रिक्षात घालून रुग्णालयात नेलं, पण वाटेतच तो गेला होता.

तो प्रयोगशाळांसाठी भट्ट्या बनवायचा. मसाला, पीठ, मासळी तपासायची तर आधी नमुन्याची पूर्ण राख करावी लागते, आणि तेलकट नमुना जळताना खोलीत उभं राहवत नाही. मोरेश्वरने धुराड्यातच दुसरी तापती नळी बसवली होती, धूर बाहेर पडण्याआधी जळून जावा म्हणून. चाचणीला जवळा, ती बारीक सुकी मासळी, खारदांड्याच्या आपल्या घरून आणलेली. मग चिमट्याने धुराड्यावर पांढरा रुमाल धरायचा. डाग पडला की भट्टी नापास. भिंतीपलीकडून लेथवाला ओरडायचा, "मोरूशेठ, आज परत जेवण जळलं काय?"

"तुझ्यासाठीच ठेवलंय रे, ये!"

शेवटची भट्टी कित्येक महिने नापास होत होती. गिऱ्हाईक तशीच न्यायला तयार होतं. मी, त्याचा जुना मित्र, म्हटलं, "देऊन टाक ना यार."

"आणि तिथल्या पोरींनी दिवसभर धूर खायचा? नाय देणार."

त्या मंगळवारी त्याने चाचणी घेतली, एवढं नक्की. भट्टीत जवळ्याची राख सापडली. रुमाल पँटच्या खिशात होता. कपडे घरी आले आणि त्याच्या बहिणीने ते लगेच धुऊन टाकले. त्याची बायको सुलभा अंगणात आली तेव्हा रुमाल दोरीवर वाळत होता.

"ताई, डाग होता काय त्याला?"

"बघितलं नाय गं... साबण लावला नि घासला."

सुलभाने तो उन्हाकडे धरून पाहिला. नंतरही ती पाहत राहिली.

गेल्या रविवारी तिने गाळा उघडला. भट्ट्यांची तापणारी तार गुंडाळायचं काम पहिल्यापासून तिचंच, त्यामुळे भट्टी चालवणं तिला नवं नव्हतं. मधल्या काळात भट्टीला कुणी हात लावला नव्हता. लेथवाला आणि मी दारात उभे होतो. तिने जवळा आत ठेवला, भट्टी तापू दिली आणि चिमट्यात तोच रुमाल धरला.

बऱ्याच वेळाने लेथवाला हळूच म्हणाला, "वहिनी, वास येतोय..."

तिने चिमटा हलवला नाही. "भट्टीचा नाय. मागे बघा."

मागे खिळ्यावर मोरेश्वरचा कामाचा जुना शर्ट होता. इतक्या चाचण्यांचा धूर त्यात मुरला होता; वास त्याचा होता.

रुमाल पांढरा राहिला. सुलभाने तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

सोमवारी भट्टी गिऱ्हाइकाकडे गेली. शर्ट खिळ्यावर आहे.