तात्यांची टाचणी

बेअरिंगवाले तात्या म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. गिऱ्हाईकाने गाडी उभी करून "तात्या, मला वाटतं..." एवढं म्हटलं की हे कडाडलेच, "तुम्हाला कळतंय तर तुम्हीच करा की! किल्ली मला कशाला देताय?" तरी लोक यायचे. चाकाच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं. खरी पंचाईत तिथेच होती.

अशा माणसाच्या गॅरेजात सिस्टरची गाडी पुन्हा पुन्हा परत येत होती. सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं बघणारी नर्स. तात्यांची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं हिनेच केलं, पोटच्या पोरीने करावं तसं. बायको गेली. त्यानंतर कित्येक दिवस तात्यांनी गॅरेजचं शटर वर केलं नव्हतं. केलं ते सिस्टरच्या गाडीसाठी. पुढच्या ब्रेकचे पॅड बदलले, डाव्या चाकाचं बेअरिंग घरघरत होतं ते काढून नवं दाबून बसवलं. घरघर गेली, पण समोर एबीएसचा पिवळा दिवा लागला तो विझायचं नाव घेईना.

"ब्रेक तर नीट लागतात की," सिस्टर म्हणाली.

"लागतात हो. पण ओल्या उतारावर करकचून दाबलात तर चाकं जाम होतील. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार. एबीएस असतं ते एवढ्यासाठीच, अन् ते आत्ता बंद आहे."

तिला नेमकं टेकडीपलीकडच्या वस्तीतलं काम मिळालं होतं. उद्यापासून रोज तोच वळणावळणाचा उतार, तोही पहाटे, धुक्यात. तात्यांना एकच घोर लागला. आपल्या माणसाला जिने शेवटचं पाणी पाजलं, तिला आपल्याच हातच्या कामाने काही झालं तर?

म्हणून त्या दिवशी त्यांनी सकाळीच गाडी जॅकवर चढवली. कॉम्प्युटर लावला, तर त्याचं आपलं तेच पालुपद: डाव्या चाकाचा वेग कळत नाही. वेग सांगायला चाकाजवळ एक सेन्सर असतो. तो तात्यांनी आधी पुसला होता, मग नवाच घातला होता. आता वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. कुठे तुटली नाही, कुठे चेपली नाही. शेवटी तो सेन्सर काढून उजव्या चाकाला लावला, चाक फिरवलं, तर गुणी बाळासारखा चालला! म्हणजे सेन्सर चांगला, वायर चांगली. राहिलं काय? राहिलं ते बेअरिंग, तात्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं. पण ते नाव काही त्यांच्या तोंडून निघेना.

"हल्लीचा माल म्हणजे नुसता कचरा!" त्यांनी पाना आपटला. "पूर्वीच्या गाड्यांत होती का ही थेरं?"

सिस्टर शिलाईच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसली होती. गॅरेजच्या पुढच्या कोपऱ्यात तात्यांची बायको कपडे शिवायची. मशीनवर आता चादर टाकलेली होती आणि तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती. लेकीने एकदा "बाबा, हे आवरूया का?" एवढंच विचारलं, तर तात्या दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

सिस्टरने चादरीवरून हात फिरवला आणि सहज म्हणाली, "शेवटी शेवटी ताई गुंगीत सारखं एकच विचारायच्या. 'टाचणी नेली का? अहो, टाचणी नेली का?' मला वाटायचं, शिवणाचंच काहीतरी डोक्यात असेल."

तात्या मटकन खाली बसले.

ते त्यांनीही ऐकलं होतं. उशाशी बसून, तिचा हात हातात धरून ऐकलं होतं, आणि भ्रम झालाय म्हणून सोडून दिलं होतं.

या नव्या बेअरिंगची एक बाजू लोहचुंबकाची असते. दिसायला दोन्ही बाजू काळ्याकुट्ट, सारख्याच. चुंबकाची बाजू सेन्सरकडे गेली तर त्याला चाकाचा वेग कळणार, नाहीतर सेन्सर आंधळा. म्हणून बेअरिंग दाबायच्या आधी तात्या गाडीपासूनच बायकोला ओरडायचे, "टाचणी!" जिथे टाचणी चिकटेल ती चुंबकाची बाजू. बायको तोंडातला दोरा काढून म्हणायची, "एवढं अख्खं गॅरेज थाटलंय, अन् एक टाचणी ठेवता येत नाही?" "मग तू कशाला आहेस?" हे यांचं ठरलेलं उत्तर. इतकी वर्षं झाली, पण त्यांनी स्वतःची टाचणी कधी ठेवलीच नाही. ती गेल्यावरचं हे पहिलंच बेअरिंग. मागायला कोणी नव्हतं आणि मशीनचा खण उघडवेना, म्हणून नुसतं अंदाजाने बसवलं होतं.

"काय झालं तात्या? पाणी देऊ?"

"नको. माझंच चुकलंय, सिस्टर. गाडी चांगली आहे. मीच बेअरिंग उलटं घातलंय."

आयुष्यात असं वाक्य गिऱ्हाईकासमोर त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असेल. मग ते उठले, हात पुसले, पुन्हा पुसले, आणि चादर बाजूला केली.

खणात टाचण्यांची लाल गादी होती. सगळ्या टाचण्या लखलखीत, आणि एका कडेला एकच वेगळी टोचलेली, ग्रीसने काळी पडलेली. हिचं ग्रीस कपड्याला लागू नये म्हणून बायकोने बाजूला ठेवलेली. तात्यांना हुंदका आवरला नाही. सिस्टरने तोंड फिरवलं आणि त्यांना रडू दिलं.

बसवलेलं बेअरिंग दाबून काढलं आणि बाहेरच्या बाजूला टाचणी धरली. टचकन चिकटली. चुंबक रस्त्याकडे आणि सेन्सर बिचारा आतल्या बाजूला! काढलेलं बेअरिंग परत वापरत नाहीत, म्हणून तात्या स्वतः दुकानात जाऊन नवं घेऊन आले. या वेळी टाचणी आधी लावली, मग पुन्हा लावली, आणि मगच बेअरिंग दाबलं.

चाक चढवून दोघं गाडीत बसले. गल्लीच्या टोकापर्यंत दिवा तसाच होता. मोठ्या रस्त्याला लागून थोडा वेग घेतला, आणि तो विझला.

"गेला!" सिस्टर टाळी वाजवून म्हणाली. "आता जाऊ ना उद्या?"

"जा, बिनधास्त जा," तात्या म्हणाले. टाचणी त्यांनी शर्टाच्या कॉलरला टोचली होती, तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग खिडकीबाहेर बघत, सिस्टरशी नव्हे, हळूच म्हणाले, "नेली गं. नेली टाचणी."