उलटा फिरलेला मीटर

रीडिंगकाका वीज कंपनीतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, पण त्यांच्यातला मीटर रीडर काही निवृत्त होईना. कुणाकडे चहाला गेले तरी आधी नजर मीटरकडे, मग यजमानाकडे. साथ आली, सगळे घरात बसले आणि काकांच्या डोळ्यांना वाचायला काही उरलं नाही. मग त्यांनी साथच वाचायला घेतली.

रोज अकराला कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या फलकावर गल्लीगल्लीचे आकडे लागत. काका ते टिपून आणत आणि जिन्याखालच्या मीटरच्या पेटीच्या दारावर खडूने लिहीत: मागचं रीडिंग, आजचं रीडिंग, फरक. येता-जाता लोक चिडवत, काका, यंदा बिल किती येणार? काका हसत नसत. पहिल्या मजल्यावर खिडकीशी काकू दम्याचा पंप हातात धरून बसलेल्या असत. लशीच्या यादीत त्यांचा नंबर चौदावा होता, आणि महिना झाला तरी तो चौदावाच होता. ज्या गल्लीत रुग्ण जास्त तिकडे लस आधी, असा नियम.

एका मंगळवारी काकांचा खडू थबकला. सुरुवातीपासूनचे एकूण रुग्ण काल एकेचाळीस होते, आज चौतीस.

तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, सात जण बरे झाले असतील.

"बरा झाला म्हणून झालेला आजार पुसला जातो का?" काका म्हणाले. "मीटर पुढे जातो, नाहीतर थांबतो. मागे फिरला तर कुणीतरी हात लावलाय."

नोकरीत त्यांनी असे हात मनगटासकट पकडले होते.

मीटर बघायला ज्यावर चढायचे ते जुनं स्टूल काखोटीला मारून काका दवाखान्यात गेले आणि कारकुनाच्या टेबलासमोर मांडून बसले. कारकुनाने आधी वरच्यांवर ढकललं, मग संगणकावर, मग मास्कच्या आत दोनदा खोकूनही पाहिलं. काका हलले नाहीत. शेवटी बाहेर आलं ते असं, की जे सात जण मोठ्या इस्पितळात भरती झाले, ते त्या इस्पितळाच्या भागात मोजले गेले होते. आजारी पडले इथे, आकडा गेला तिथे, आणि आकड्याच्या मागोमाग लसही तिथेच. ती सातही घरं काकांना पाठ होती. त्यांनी ती कागदावर लिहून दिली आणि दुरुस्ती होईपर्यंत आपण उठत नाही म्हणून सांगितलं.

कारकून पुढे झुकला. "काकूंना दमा आहे ना? त्यांचं नाव उद्याच्याच यादीत घालतो. तेवढं जिन्याखालचं पुसून टाका. लोक फोटो काढून साहेबांना पाठवतायत."

खोटं कशाला सांगा, काकांच्या ओठांवर 'हो' आलं होतं. जिना चढताना काकू दम खायला थांबतात, ती सहावी पायरी त्यांना समोर दिसली.

"आणि तिच्या आधीच्या तेरा जणांना कुठल्या तोंडाने ओलांडू?" एवढंच म्हणून ते स्टूल उचलून निघाले.

गल्लीतून घरी येताना मात्र डोक्यात एकच विचार. स्वतःच्या बायकोची लस आपण परत करून आलो, हे सांगायचं कसं? सांगितलं. काकूंनी सगळं ऐकलं, पंप एकदा ओढला.

"ते ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण स्टूल कशाला उचलून आणलंत? जागा गेली ना."

दुसऱ्या दिवशी काकू तीनदा थांबत स्वतः दवाखान्यात गेल्या, काकांनी मांडलेल्या स्टुलावर बसल्या आणि पंप कारकुनाच्या टेबलावर ठेवला. त्यांच्यामागे यादीतले तेराही जण रस्त्यापर्यंत उभे राहिले. दर दोघांमधलं अंतर शिंपी टेपने मोजून देत होता. कारकुनाने पंपाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि साहेबांना फोन लावला.

गुरुवारी फलकावर पुन्हा एकेचाळीस लागले. रुग्ण वाढले म्हणून टाळ्या वाजवणारी गल्ली त्या दिवशी लोकांनी पाहिली.

पुढच्या आठवड्यात लस आली. बारा जणांपुरती. शिंप्याचा दंड दुखला, त्याने तो गल्लीभर दाखवला. काकांनी पेटीच्या दारावर लिहिलं: मागचं रीडिंग चौदा, आजचं दोन, फरक बारा. खडू खाली ठेवून त्यांनी ते मोठ्याने वाचलं.

वर खिडकीत काकूंनी ते ऐकलं आणि हाक मारली, "अहो, माझ्या चपला काढून ठेवा. आणि स्टूल घ्या."