आई मरणाच्या बाजूने

आईच्या पोटात गाठ निघाली. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून घ्या, फार लांबवू नका. आईने मान डोलावली आणि महाळुंग्याला घरी आल्यावर म्हणाली, "मी काय कापून घेणार न्हाई."

आदल्याच दिवशी ती शेजारच्या दशक्रियेला जाऊन आली होती. तिथल्या प्रवचनात महाराजांनी सांगितलं होतं, मेल्यावर दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर स्वप्नही न पडणारी गाढ झोप, नाहीतर आधी गेलेल्या आपल्या माणसांची भेट. दोन्ही चांगल्याच. मग मरणाला भ्यायचं कशाला?

"सांग, यात काय खोटं हाय?" आईने विचारलं.

मी जुन्नरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. हाच युक्तिवाद दरवर्षी वर्गात मांडते आणि शांतपणे तपासते. आईपुढे मात्र माझा आवाज चढला.

"दोनच गोष्टी कशावरून? तिसरीही असेल. आणि झोप छान लागली हे उठल्यावर कळतं. उठायचंच नाही, तर छान कुणाला वाटणार?"

"पर दुखायचं तर थांबंल."

तेवढं तिचं खरंच होतं. मी जवळ बसले. "लई दुखतं का गं?"

"तसं न्हाई." ती पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "आन् ऑपरेशनातच मेले तर?"

आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला हसू फुटलं. मीही हसले, पण डोळे भरून आले होते. इतका वेळ मी तिच्याशी मरणावर वाद घालत होते. ती भ्यालीय, हे मला दिसलंच नव्हतं.

शेवटी ती तयार झाली. ऑपरेशनच्या दिवशी आत नेईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. शुद्धीवर आल्यावर झोपेबद्दल विचारलं, तर म्हणाली, "काय बी कळलं न्हाई. आता तू दिसलीस, बरं वाटलं."

गाठ साधी निघाली. रिपोर्ट कळला तेव्हा कित्येक दिवसांनी मला कडकडून भूक लागली.

घरी नेताना शेजाऱ्यांनी जीप आणली होती. हायवेला लागताच त्यांनी वेग घेतला. आईने पुढची सीट घट्ट धरली.

"भाऊ," ती ओरडली, "जरा दमानं चालवा!"