बाहेर जोडलेली तार

बेळगावच्या माणसाला पुण्याला चार ओळी पाठवायच्या असतील, तर त्या कुणाच्या परवानगीनं जाव्यात?

सुधाकरअण्णा गेल्याचा निरोप निपाणीहून आला, त्याला आता महिना होईल. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. अण्णांचे आईवडील तिथल्याच तंबाखूच्या वखारीत राबले. अण्णा बेळगावात आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवू लागले. मी त्यांचा विद्यार्थी, आणि संगणक नोकऱ्या गिळणार अशी पत्रकं वाटणारा. अण्णा पत्रक शेवटपर्यंत वाचायचे. "मुद्दा बरोबर हाय रं. पण यंत्र कुणाच्या हातात ऱ्हाणार, ते लिही की!"

युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा आमचा संगणक एकटाच होता, बाहेर कुठंच जोडलेला नव्हता. पुण्याच्या एका संस्थेतल्या यंत्राशी तो टेलिफोनवरून जोडायचा, असं अण्णांनी मनावर घेतलं. मोडेम नावाची पेटी अक्षरांचा आवाज करून तारेतून पाठवायची. ट्रंक कॉल लागायचा, पेटी किंचाळायची, पत्र निघायचं... आणि मध्येच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल जोडून देणाऱ्या सरोजाक्का लाइनवर यायच्या, "तीन मिन्टं झाली, वाढवू का?" की जोडणी तुटली. वैतागून प्राचार्यांनी पत्र पोचवून दाखवायला आठवड्याची मुदत दिली. नाहीतर फोन काढून घेणार.

अण्णांनी भांडण केलं नाही. सरोजाक्कांना सुट्टीच्या दिवशी कॉलेजात आणलं आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला.

"अगं बाई! मांजराची शेपटी दारात घावलीया जणू!"

"आक्का, त्यात तुम्ही बोलला की मांजर पळतंय."

"मग इचारू नको व्हय? नियम हाय माझा."

"इचारा की. पण सुरवातीलाच."

आक्का हसल्या. पुढचा कॉल लावतानाच त्यांनी किती वेळ हवा ते विचारून घेतलं, आणि पत्र पुण्याला पोचलं. रोमन अक्षरांत, कारण यंत्राला दुसरी लिपी येत नव्हती. "बेस झालं," अण्णा म्हणाले, "मराठी न्हाय, कन्नड न्हाय. भांडायला जागाच ठेवली न्हाय यानं!"

दुसरं पत्र सरोजाक्कांचं, पुण्यातल्या भाच्याला. पुण्याच्या त्या संस्थेतला अण्णांचा मित्र ते कागदावर छापून पोस्टात टाकणार होता. प्राचार्यांना कळलं. "सुधाकरराव, ही कॉलेजची सोय आहे. बाहेरच्या बाईचं पत्र कशाला?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "सर, तारच बाहेर जोडलीय. मग बाहेरच्यांना नको कसं म्हणायचं?"

प्राचार्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाले, "शनिवारी दुपारी. तेवढंच."

तेवढंच खूप झालं. वडगावचे विणकर आले, जांबोटीहून एसटीनं एक शिक्षक आले, बोरगावच्या दोघी बहिणी आल्या. अण्णा प्रत्येकाला शेजारच्या लाकडी स्टुलावर बसवायचे आणि स्वतःचं पत्र स्वतःच टाइप करायला लावायचे. एकेक अक्षर शोधत बोट फिरायचं, आणि अण्णा निवांत चहा पीत बसायचे. मी त्यांना इतकं सुखी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

त्यांच्यामागे शनिवारची खोली रिकामी राहू लागली आहे. कुणी येत नसेल तर ही वेळ बंद करू, असं कार्यालय म्हणतं. दार अडवणाऱ्याशी भांडता येतं. रिकाम्या खोलीच्या बाजूनं कसं भांडायचं?

म्हणून या शनिवारी दुपारी कॉलेजात या. पुण्यात ओळखीचं कुणी असेल, तर चार ओळी मनात जुळवून आणा. स्टूल पुसून ठेवलं आहे. टाइप मात्र तुम्हीच करायचं.